पहिली लांब ट्रायथलॉन: ट्रेनिंग प्लॅन पाळायला घेण्याआधी तो असा तपासा

बडोद्यात हाफ आयर्नमॅनची (एकाच दिवशी लागोपाठ पोहणं, सायकल आणि धावणं असलेल्या लांब ट्रायथलॉनची) तयारी करणाऱ्यांच्या फोनमध्ये सहसा तीन प्लॅन सापडतात. एक परदेशी कोचचा, एक ग्रुपवर फिरत आलेला आणि एक एआयकडून करून घेतलेला. मग सोमवारी एकातलं पोहणं, बुधवारी दुसऱ्यातलं धावणं आणि रविवारी तिसऱ्यातली सायकल, अशी सरमिसळ सुरू होते. दीड-दोन महिन्यांत गुडघा किंवा खांदा कुरकुरायला लागतो आणि खापर प्लॅनवर फुटतं.

खरं तर त्या तिन्ही प्लॅनमध्ये एकेकटं पाहिलं तर फारसं वावगं नसतं. फक्त ते वेगळ्या वेगाच्या माणसासाठी, वेगळ्या हवेत, वेगळ्या पाण्यात बसून लिहिलेले असतात आणि तसं पहिल्या पानावर कुणी छापत नाही. ते आपणच खणून काढायचं, आणि तेही ठरावीक क्रमाने. क्रम चुकला की आवडलेल्या प्लॅनसाठी कारणं शोधणं एवढंच हातात राहतं.

खालची उदाहरणं हाफची आहेत: पोहणं १.९ किमी, सायकल ९० किमी, धावणं २१.१ किमी. फुल करणाऱ्यांना (३.८, १८० आणि ४२.२) हीच पद्धत चालते. जिथे आकडे बदलतात तिथे तसं लिहिलं आहे.

बसण्याआधी हाताशी ठेवा: एक वही, कालनिर्णय, कॅल्क्युलेटर आणि स्पर्धेची त्या वर्षीची नियमपुस्तिका. प्लॅनची पीडीएफ अजून उघडायची नाही.

## १. आधी स्पर्धा, मग प्लॅन

आपल्याकडच्या बऱ्याच जणांची पहिली स्पर्धा म्हणजे गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (हाफचंच नाव, तिन्हींचं मैलांतलं एकूण अंतर). ती २०१९ मध्ये सुरू झाली आणि आतापर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबरातच होत आली आहे. पोहणं समुद्रात, हवा दमट, सायकलच्या मार्गावर चढ. तुमची स्पर्धा दुसरी असेल तर तिची हीच माहिती वहीत उतरवा: महिना, पाणी कुठलं, मार्ग सपाट की चढाचा.

त्याखाली कटऑफ, म्हणजे प्रत्येक टप्पा संपवायची कमाल वेळ, लिहा. ७०.३ मध्ये सर्वसाधारणपणे पोहण्याला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास आणि एकूण साडेआठ तास मिळतात. मार्गानुसार थोडा फरक होतो, म्हणून शेवटचा शब्द नियमपुस्तिकेचा. आता या वेळांचा वेग काढा:

- पोहणं: ७० मिनिटांत १.९ किमी, म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. २५ मीटरच्या तलावात या ७६ लांब्या होतात.
- सायकल: पोहण्याची सगळी वेळ वापरली आणि कपडे-बूट बदलण्यात १० मिनिटं गेली, तर ४ तास १० मिनिटं उरतात. ताशी साडेएकवीस किलोमीटरहून थोडं जास्त.
- धावणं: सायकल ठेवून निघायला ५ मिनिटं धरली तर किलोमीटरला साधारण ८ मिनिटं १८ सेकंद. मधे मधे चालूनही जमण्यासारखा वेग.

हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ‘पाच तासांच्या आत’ असं वचन देणारा प्लॅन पुढे समोर आला की या पानाकडे बघायचं. पहिल्या स्पर्धेत काम एवढंच: शेवटची रेघ वेळेत आणि शुद्धीवर ओलांडणं.

## २. स्वतःची आजची मोजणी

चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकार असेल, किंवा रक्तदाब-मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर. हे टाळून पुढचं काहीही वाचू नका.

मग एका आठवड्यात, मधे एकेक दिवस सोडून, तीन गोष्टी मोजा.

पोहणं: आधी ४०० मीटर सलग, थोड्या विश्रांतीनंतर २०० मीटर सलग. दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मं करा. समजा ४०० ला १० मिनिटं आणि २०० ला ४ मिनिटं ४० सेकंद लागले. फरक ५ मिनिटं २० सेकंद, निम्मे २ मिनिटं ४० सेकंद. हा तुमचा १०० मीटरचा टिकाऊ वेग. ४०० मीटर न थांबता होतच नसतील तर तूर्त ट्रायथलॉनचा प्लॅन बाजूला ठेवा आणि पोहण्याचा कोच शोधा. तक्ता वाचून श्वास घ्यायला शिकता येत नाही.

सायकल: दीड तास, सपाट रस्त्यावर, एकट्याने. धावणं: ४५ मिनिटं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा चालीने. दोन्हीचा सरासरी वेग लिहून ठेवा.

आता वेळ. ‘रोज तास-दीड तास काढू शकतो’ असं तोंडी उत्तर नको. गेल्या आठवड्याचा खरा हिशेब मांडा. रिफायनरीत किंवा खतकारखान्यात शिफ्ट असेल तर रात्रपाळीचा आठवडा वेगळा लिहा. आणंद-भरूच अप-डाऊन करत असाल तर गाडीची वेळ पकडून लिहा. तलावाची बॅच ४५ मिनिटांची असेल तर त्यात पोहणं चाळीसच मिनिटं होतं, आणि घर ते तलाव, आंघोळ, परत, हे धरून त्याला दीड तास जातो.

तपासा: वहीत आता चार आकडे हवेत: पोहण्याचा वेग, सायकलचा वेग, धावण्याचा वेग आणि आठवड्याचे खरे तास. चौथा आकडा घरच्यांना दाखवा. ते हसले तर तो पुन्हा काढा.

## ३. पहिला आठवडा झाका, सर्वात जड आठवडा उघडा

आता पीडीएफ उघडा आणि पहिला आठवडा ओलांडून थेट पुढे जा. पहिला आठवडा सगळ्याच प्लॅनमध्ये गोड असतो: अर्धा तास पोहा, तासभर सायकल, २५ मिनिटं धावा. तो बघून निवड करणं हीच सर्वात मोठी चूक. प्लॅनचा खरा स्वभाव स्पर्धेच्या आधीच्या तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो. त्यातला सर्वात भरगच्च आठवडा निवडा आणि त्याची बेरीज करा, तुमच्या वेगाने.

समजा जड आठवड्यात असं आहे: तीनदा पोहणं, प्रत्येकी २५०० मीटर, एक १०० किलोमीटरची सायकल आणि शिवाय एकेक तासाच्या दोन, एक १८ किलोमीटरचं धावणं आणि शिवाय ४५ मिनिटांची दोन. मुखपृष्ठावर लिहिलंय ‘आठवड्याला जास्तीत जास्त १० तास’.

लिहिणाऱ्या कोचच्या वेगाने बघू. १०० मीटर पावणेदोन मिनिटांत, सायकल ताशी ३२, धावणं किलोमीटरला सव्वापाच मिनिटं. बेरीज येते साधारण साडेदहा तास. म्हणजे तो खोटं बोलत नाही.

आता तुमच्या वेगाने. २ मिनिटं ४० सेकंदांनी ७५०० मीटर म्हणजे ३ तास २० मिनिटं. ताशी २४ ने १०० किलोमीटर म्हणजे ४ तास १० मिनिटं, आणि वरचे दोन तास. साडेसात मिनिटांनी १८ किलोमीटर म्हणजे सव्वादोन तास, आणि वरचा दीड तास. बेरीज सव्वातेरा तास. त्यावर जाणं-येणं, सायकल पुसणं, दुपारी डोळा लागणं. आठवड्याचे ‘दहा तास’ पंधरा-सोळावर जातात ते असे.

म्हणून पहिल्या स्पर्धेसाठी किलोमीटरऐवजी वेळ सांगणारा प्लॅन घ्या. अंतर सांगणाऱ्या प्लॅनमध्ये सर्वात हळू माणसाला सर्वात जास्त काम पडतं. सवयीने मुरलेला चार तासांत सुटतो, नवखा त्याच रस्त्यावर पाच तास उन्हात असतो.

त्याच आठवड्यात तलावाची बॅचही आठवा. २५०० मीटरचं सत्र तुमच्या वेगाने ६७ मिनिटांचं होतं. ४५ मिनिटांच्या बॅचमध्ये ते बसणारच नाही, मग प्लॅन कितीही नामवंत असो.

लांबात लांब सत्रंही इथेच बघून घ्या. हाफसाठी सायकल ३ ते ४ तास आणि धावणं पावणेदोन ते सव्वादोन तास असेल तर ठीक. फुलसाठी सायकल ५ ते ६ तास, धावणं अडीच ते तीन तास. फुलच्या तयारीत पूर्ण ४२ किलोमीटर धावायला लावणारा प्लॅन मी वाचायचा थांबतो. त्याची झीज भरून यायला आठवडे जातात आणि बदल्यात आत्मविश्वासाखेरीज काही मिळत नाही. उलट टोकाला, हाफच्या प्लॅनमध्ये सर्वात लांब सायकल दोन तासांची असेल तर तोही बाद.

सावध: बेरीज तुमच्या खऱ्या तासांपेक्षा तासभराहून जास्त निघाली तर ‘आपण थोडं कापू’ असं म्हणू नका. कापलं जातं ते नेहमी पोहणंच, कारण त्यालाच घरातून सर्वात जास्त खटपट लागते. दुसरा प्लॅन बघा.

सावध: एआयने केलेला तक्ता असेल तर प्रत्येक आठवड्याची बेरीज हाताने करा. वर ‘८ तास’ आणि खालच्या ओळींची बेरीज ११, असा घोळ तिथे सहज होतो.

## ४. स्पर्धेपासून उलटं मोजत या

हाफचे नवख्यांसाठीचे प्लॅन बहुधा १६ ते २४ आठवड्यांचे असतात. कालनिर्णयवर स्पर्धेच्या रविवारी फुली मारा आणि मागे मोजत या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारची स्पर्धा आणि २० आठवड्यांचा प्लॅन धरला तर सुरुवात जूनच्या उत्तरार्धात येते. म्हणजे पाऊस आणि प्लॅनचा पहिला आठवडा एकत्रच दारात.

पुढे गणपती. मग ऑक्टोबर हीटच्या आसपास नवरात्र. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय हे बाहेरच्या कोचला ठाऊक असण्याचं कारण नाही. नऊ रात्री तीन-तीन तास गरबा, बऱ्याचदा अनवाणी, घरी यायला मध्यरात्र उलटते. पोटऱ्यांसाठी हा व्यायामच आहे, फक्त कुठल्याही तक्त्यात त्याची नोंद नसते. जड आठवडा नेमका तिथे येत असेल तर आत्ताच ठरवा: गरबा खेळायचा असेल तर तो विसाव्याचा आठवडा करा आणि प्लॅनची सुरुवात एक आठवडा अलीकडे ओढा. दोन्ही करू, पहाटे उठू, ही गोष्ट तिसऱ्या रात्रीपर्यंतच टिकते. उपास करणाऱ्यांनी त्या नऊ दिवसांत लांब सायकल ठेवूच नये.

दिवाळी बहुधा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येते, म्हणजे सराव कमी करण्याच्या काळात. तेव्हा वेळ मोकळा असतो, भूक मात्र जड आठवड्याचीच राहते, आणि समोर चकलीचा डबा. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

तपासा: लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा, ऑफिसचा तिमाहीअखेर, सगळं याच पानावर लिहा. जड आठवड्यांतले दोनाहून जास्त रविवार अडले तर स्पर्धा किंवा प्लॅनची सुरुवात बदला. प्रवेश फी भरायची ती या टप्प्यानंतर.

## ५. पाणी, रस्ता, हवा: प्लॅनने काय गृहीत धरलंय?

प्लॅनच्या गळ्याशी येणारा टप्पा हाच, म्हणून इथे घाई नको.

एकक. मैल, यार्ड, फॅरनहाइट दिसले की प्लॅन अमेरिकन. २५ यार्डांचा तलाव २२.८६ मीटरचा असतो. यार्डांत दिलेलं सत्र आपण मीटरमध्ये केलं तर नकळत नऊ टक्के जास्त पोहतो. आधी आपल्या तलावाची लांबी विचारून घ्या, नजरेने अंदाज करू नका.

वेटसूट. युरोपातले प्लॅन वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा अंगासरशी रबरी पोशाख, धरून चालतात. तो पाय वर उचलून धरतो, त्यामुळे कच्चा पोहणाराही तरून जातो. आयर्नमॅनच्या नियमांत हौशी गटासाठी पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच वेटसूट चालतो. गोव्याचा समुद्र त्या दिवसांत याहून बराच गरम असतो. म्हणजे तुमचे पाय तुम्हालाच वर ठेवायचे आहेत. आठवड्यातून दोनदाच पोहायला सांगणारा प्लॅन असल्या पाण्यात कच्च्या पोहणाऱ्याला पुरत नाही. तीनदा हवं, भले सत्रं छोटी असोत.

उघडं पाणी. ‘दर पंधरवड्याला तळ्यात किंवा नदीत पोहा’ हे वाक्य प्लॅनमध्ये असतंच. बडोद्यात ते तसंच पाळू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टअखेर पूर आला तेव्हा त्या वस्त्यांमधून निघाल्या होत्या. आजव्याच्या सरोवरातही मगरी आहेत. सिंधरोटपाशी मही वरून शांत दिसते, पण तिथे बुडालेल्यांच्या बातम्या दर वर्षी वाचायला मिळतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वात मोठ्यांपैकी आहे, ओढ भयंकर. या चारही ठिकाणी सरावाला जायचं नाही, चार जण सोबत असले तरी नाही.

त्याऐवजी तलावातच हे करता येतं:

- भिंतीला हात न लावता, दोन मीटर आधीच वळायचं. भिंतीच्या धक्क्याने मिळणारी फुकटची विश्रांती जाते.
- दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्यावर काढून समोरची एखादी खूण बघायची.
- लेन रिकामी असताना आठ हात डोळे मिटून मारायचे आणि आपण कुठल्या बाजूला वाहवतो ते ओळखायचं.
- एका लेनमध्ये तिघांनी खेटून पोहायचं. पायाला हात लागला की घाबरायला होतं, ती भीती इथेच मोडावी.

आणि स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी समुद्राशी ओळख करून घ्यायला पोहोचायचं, जीवरक्षक असतील तिथे आणि तेव्हाच उतरायचं. प्लॅनमध्ये या दिवसांची जागा नसेल तर तुम्ही करा.

रस्ता. अहमदाबादचा एक्स्प्रेसवे सायकलला बंद आहे, तो विसरा. लांब सायकलीसाठी हालोल रोड. पावागड पन्नासेक किलोमीटरवर असल्याने जाऊन-येऊन हाफचं अंतर भरतं. बाकी आपलं गाव ताटासारखं सपाट. प्लॅनमध्ये ‘८ वेळा ४ मिनिटांचा चढ’ असेल तर उड्डाणपूल पुरत नाही, तो मिनिटभरात संपतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जड गिअरवर तेवढीच मिनिटं काढा, आणि महिन्यातून एकदा पावागडला माचीपर्यंतचा घाट पहाटे करा, बसगाड्या सुरू व्हायच्या आत.

सायकलीबद्दल आणखी एक. हौशी गटात दुसऱ्याच्या मागे आडोशाने चालवायला बंदी असते, आयर्नमॅनमध्ये पुढच्याशी १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. रविवारच्या घोळक्यात ताशी ३० ने मारलेले ९० किलोमीटर एकट्याच्या ९० च्या जवळपासही जात नाहीत. घोळका हवाच असतो, गप्पांना आणि पंक्चरला. पण दर दुसरी लांब सायकल एकट्याने वारा खात झालीच पाहिजे. प्लॅनमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर समासात तुम्ही लिहा.

हवा. पावसात सायकलचे आठवडे घरातल्या ट्रेनरवर (सायकल अडकवून जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) जातील. प्लॅनमधला रस्त्यावरचा वेळ ट्रेनरवर थोडा कमी केला तरी चालतो, कारण तिथे पेडल थांबत नाही. मे महिन्यात चाळीस-बेचाळीस अंश असतात. तेव्हाचं लांब धावणं पहाटे पाचला सुरू आणि सातच्या आत बंद. मात्र दमट दिवस अगदीच वाया जात नाहीत. उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला बडोद्याचा घाम गोव्यात कामाला येतो. युरोपातल्या प्लॅनमधला ‘हीट’चा धडा आपल्याला फुकट मिळतो तो असा.

हिवाळ्यात किंवा वसंतात स्पर्धा असेल तर उत्तरायणाच्या आसपासचे चार-पाच दिवस सायकल रस्त्यावर काढू नका. मांज्याने गळा कापतो, वेग कितीही असो. तेवढे दिवस ट्रेनर आणि तलाव.

## ६. चढण आणि विसावा

आठवड्यांची बेरीज एका ओळीत लिहून काढा: ५, ६, ६.५, ४.५, ६.५, ७.५… अशी ओळ दिसली तर प्लॅन शहाण्याने लिहिलाय. दोन किंवा तीन आठवडे चढण, मग एक आठवडा बराच हलका. शिफ्टवाल्यांनी आणि पंचेचाळिशीपुढच्यांनी दोन-एकचा ठेका निवडावा. ५, ६, ७, ८, ९, १० अशी सरळ शिडी असेल तर तो तक्ता संगणकाने खाली ओढून भरलाय.

बाकीचं भराभर तपासा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी आहे? सायकलवरून उतरून लगेच धावायची सत्रं, म्हणजे ब्रिक, आहेत? त्यातलं धावणं १५ ते ३० मिनिटांचं पुरतं, दर रविवारी तासभर ब्रिक घालणारा प्लॅन पाय संपवतो. आठवड्यातून दोनदा, वीसेक मिनिटं, ताकदीचे व्यायाम आहेत? शेवटी हाफसाठी सुमारे दोन आणि फुलसाठी दोन-तीन आठवडे टेपर आहे, ज्यात तास निम्म्यावर येतात पण वेगाची छोटी सत्रं राहतात? टेपरमध्ये आठवडाभर झोपून राहा म्हणणारा आणि शेवटच्या रविवारी ‘एकदा पूर्ण अंतर करून बघा’ म्हणणारा, दोघेही बाद.

## ७. ‘किती जोरात’ हे कोणत्या भाषेत सांगितलंय?

काही प्लॅन वॉटमध्ये बोलतात. तुमच्याकडे पॉवरमीटर (पेडलवरची ताकद मोजणारं यंत्र) नसेल तर ते तुमच्यासाठी मुकेच. काही हृदयाच्या ठोक्यांत बोलतात आणि कमाल ठोके ‘२२० वजा वय’ या सूत्राने काढायला लावतात. हे सूत्र गटाच्या सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज होते, आणि तेवढ्याने ‘हलकं’ आणि ‘मध्यम’ यांची सीमा पुसली जाते. शिवाय आपल्या उन्हात त्याच वेगाला ठोके चढत जातात. वेगावर आधारलेला प्लॅन मे महिन्यात म्हणूनच कोलमडतो.

नवख्यासाठी सर्वात भरवशाची भाषा बोलण्याची: पूर्ण वाक्यं बोलता येतात, तुटक शब्द येतात, किंवा काहीच बोलता येत नाही. प्लॅनमधल्या प्रत्येक सत्रासमोर यांपैकी एक लिहिता आलं पाहिजे.

तपासा: जड आठवड्यातल्या वेळेपैकी निदान तीन-चतुर्थांश ‘पूर्ण वाक्यं’ या खान्यात पडते का? पडत नसेल तर तो प्लॅन आधीच दोन-तीन स्पर्धा केलेल्यांचा आहे.

## ८. खाण्यापिण्याचं पान

बऱ्याच प्लॅनमध्ये हे पान म्हणजे सामन मासा, टर्कीचं सँडविच आणि शेवटी एखाद्या कंपनीची जाहिरात. रोजचं जेवण सोडून द्या, पोळी-भाजी-वरण-भात-दह्यावर तयारी उत्तम होते, डाळी-कडधान्यं-पनीर जरा वाढवा. प्लॅन तपासायचा तो सायकलवरच्या खाण्यासाठी: तासाला किती ग्रॅम कर्बोदकं, हा आकडा दिलाय का? नसेल तर ते पान निरुपयोगी.

लांब स्पर्धेत तासाला ६० ग्रॅमच्या आसपास घेणं चांगलं, सरावलेले ९० पर्यंत जातात. पहिल्या महिन्यात ३०-४० पासून सुरू करून पोटाला सवय लावायची. आपल्याकडे इथे एक गैरसमज घट्ट बसलाय: बाटलीत ओआरएस घातलं की झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅमच असतं. ६० ग्रॅम भरायला तासाला साडेचार लिटर प्यावं लागेल. ओआरएस मीठ-पाण्यासाठी आहे, इंधन वेगळं हवं. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू, हे घरगुती पेय पहिल्या तयारीला बिनघोर चालतं. साखर वाटीने नको, वजनकाट्यावर मोजा.

पाणी किती, हे प्लॅनवर सोडू नका. तासभर सराव करण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. घटलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी म्हणजे तुमचा तासाचा घाम, एक किलो म्हणजे एक लिटर. जुलैत आणि ऑक्टोबरात वेगवेगळा येईल, दोन्ही लिहा.

सावध: सरावानंतर वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पाणी पिताय. रक्तातलं सोडियम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. ‘तहान लागो न लागो, पीत राहा’ लिहिणारा प्लॅन इथेच मिटवा.

## ९. नागा पडली तर?

ताप आला, रात्रपाळी लांबली, पूर आला. चांगल्या प्लॅनमध्ये यासाठी निदान अर्धं पान असतं: एक-दोन दिवस गेले तर सोडून द्या, आठवडा गेला तर मागच्या आठवड्यापासून धरा, तापानंतर पहिले दिवस फक्त हलकं. याबद्दल चकार शब्द नसेल आणि वर ‘एकही सत्र चुकवू नका’ असं ठळक अक्षरात असेल, तर लिहिणाऱ्याने नोकरी करणारी माणसं फारशी पाहिलेली नाहीत.

## १०. वेळापत्रकाची रंगीत तालीम, मग शिक्का

इथपर्यंत एक प्लॅन उरला असेल. तरी लगेच सुरू नका करू. एक आठवडा असा काढा: सराव पहिल्या आठवड्याचा, वेळा मात्र जड आठवड्याच्या. म्हणजे जड आठवड्यात मंगळवारी पहाटे पावणेपाचला उठायचं असेल तर याही मंगळवारी तेव्हाच उठा, भले धावणं २५ मिनिटांचंच असो. रविवारी पाच तास घराबाहेर असणार असाल तर या रविवारीही तितका वेळ घरात नाही असं धरून सगळं लावा: दूध, मुलांचा क्लास, आईंचं औषध. अडचण दमछाकीत नसते, ती इथे कळते.

तालीम पार पडली की प्लॅन कालनिर्णयवर पेन्सिलीने उतरवा. पेनाने फक्त तीन तारखा: शेवटची लांब सायकल, टेपरचा पहिला दिवस आणि स्पर्धा.

त्यानंतर बदल कोणते चालतील? त्याच आठवड्यातले दिवस अदलाबदल करणं, सत्र लहान करणं, दमल्यावर सुट्टी घेणं. चालणार नाहीत ते: चुकलेलं सत्र दुसऱ्या दिवशी भरून काढणं, लांब सायकल आणि जोराचं धावणं पाठोपाठच्या दिवशी ठेवणं, विसाव्याच्या आठवड्यात ‘बरं वाटतंय’ म्हणून वाढवणं, आणि ग्रुपवर कुणी टाकलेलं भारी सत्र मधेच घुसवणं.

पहिल्या विसाव्याच्या आठवड्यात ४०० आणि २०० मीटर पुन्हा मोजा. वेळ तीच आली तरी प्लॅन बदलायचा नाही, महिनाभरात पोहण्यात फरक दिसला नाही तर शैली बघायला कोचला दाखवा. वेग सुधारला असेल तर जड आठवड्याची बेरीज नव्या आकड्याने करून ठेवा. आणि सकाळी जिना उतरताना सलग तीन दिवस गुडघा किंवा टाच दुखत असेल तर त्या आठवड्याचं धावणं खोडा, सायकल-पोहणं चालू ठेवा आणि फिजिओकडे जा.